चेकच्या पाठीवरची सही

न्यूयॉर्कच्या जेविट्स सेंटरमध्ये दर ऑक्टोबरात कॉमिक्सचं मोठं संमेलन भरतं. मागच्या खेपेला मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन गेले होते. तिच्या सॅकमध्ये एकच अंक होता. ऐंशीच्या दशकातला, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तीन डॉलरला आणलेला, मुखपृष्ठाचा कोपरा दुमडलेला. तिला त्यावर इंकरची सही हवी होती. इंकर म्हणजे दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेल्या चित्रावर शाई चढवणारा. लोक त्याला फारसं विचारत नाहीत. पण माझी मुलगी स्वतः चित्रं काढते, आणि त्या अंकातली पावसाची पानं तिने महिनाभर समोर ठेवून गिरवली होती. पावसाची प्रत्येक रेघ सुरुवातीला जाड आणि खाली जाता जाता केसाइतकी बारीक. ही रेघ ज्याने ओढली तो माणूस तिला बघायचा होता.

चित्रकारांची टेबलं एका बाजूला ओळीने मांडलेली असतात. आमचा इंकर सत्तरी ओलांडलेला, जाड भिंगांचा चष्मा लावून बसला होता. त्याच्यासमोर पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं होतं: एका सहीचे दहा डॉलर, ग्रेडिंगसाठी सही असेल तर पंचवीस. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग खाण्यासाठी दिलेल्या विसातली दहाची नोट काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली, झाकण लावलं आणि मग पेन उघडलं. तो क्रम माझ्या डोळ्यांत खुपला. आधी पैसे, मग सही. महिनाभर जिने त्याच्या रेघा गिरवल्या, तिच्याकडून दहा डॉलर! मी तिथेच संतापले. मी कीर्तनकाराची मुलगी आहे, त्यामुळे हा संताप माझ्या हाडात आहे.

माझे वडील, अण्णा, सांगली जिल्ह्यात गावोगाव नारदीय कीर्तनं करायचे. पूर्वरंगात तुकोबांचा अभंग लावायचे, उत्तररंगात आख्यान. शेवटी आरतीचं ताट फिरायचं, लोक त्यात चार-आठ आणे टाकायचे, बायाबापड्या अण्णांच्या पाया पडायच्या. अण्णांनी जन्मभर एक नियम पाळला: बिदागी ठरवायची नाही आणि दिलेली नाकारायची नाही. नियमाचा पहिला अर्धा भाग तुकोबांच्या धाकाने आलेला होता. कीर्तन करून जो द्रव्य घेतो आणि जो देतो, त्या दोघांनाही तुकोबांनी अधोगती सांगितली आहे. घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही त्यांनी सोडलेलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. अण्णा पाकीट घरी आणायचे, न उघडता देवापुढे ठेवायचे, रात्रभर तिथेच राहू द्यायचे. सकाळी आई उघडायची.

म्हणून त्या टेबलाशी माझ्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो दहा डॉलरचा नव्हता. ज्याच्याकडे आपण भक्तीने जातो, त्याने त्या भेटीची किंमत सांगावी का? सांगितली तर भक्तीचं काय उरतं?

मी विचारलंच. रागाने विचारलं हे कबूल करते. सही नुसती द्यायला काय हरकत होती, असं म्हणाले. तो चिडला नाही. कंपनीचं नाव न घेता त्याने सांगितलं ते असं: आयुष्यात मी हजारो सह्या फुकट केल्या आहेत, आणि त्या सगळ्या चेकच्या पाठीवर. चेक वटवायचा तर मागे सही करावी लागायची. सहीच्या वर मजकूर असायचा, की या कामाचे सगळे हक्क आता कंपनीचे. घरभाडं थकलेलं असताना तो मजकूर कोण वाचत बसणार? एवढं बोलून त्याने मुलीचा अंक उघडला, पावसाचं पान काढलं आणि ती रेघ कुठल्या ब्रशने ओढली ते तिला दहा मिनिटं समजावून सांगितलं. मागे रांग थांबली होती. त्या दहा मिनिटांचे त्याने काही घेतले नाहीत.

मी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. कॉमिक्सची खरेदी माझ्याकडे असते, त्यामुळे या धंद्याचा इतिहास मला अगदीच अपरिचित नव्हता. पण चेकच्या पाठीची गोष्ट मी तोवर नीट मनावर घेतली नव्हती. घरी येऊन पुन्हा वाचायला बसले, आणि पहिल्याच चेकशी अडकले.

१ मार्च १९३८. क्लीव्हलंडचे दोन तरुण, लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शूस्टर, दोघंही तेवीस वर्षांचे. त्यांना डिटेक्टिव्ह कॉमिक्स या प्रकाशन कंपनीकडून ४१२ डॉलरचा चेक मिळाला. त्यात आधीच्या बऱ्याच कामाचे पैसे होते, आणि एका ओळीत सुपरमॅनचे १३० डॉलर. सुपरमॅनचे सगळे हक्क त्या १३० डॉलरमध्ये गेले. चेकवर दोघांची आडनावं चुकीची लिहिलेली होती. तो वटवायचा म्हणून त्यांना पाठीमागे दोन दोन सह्या कराव्या लागल्या, एक चुकलेल्या नावाची आणि एक स्वतःच्या. मी त्या चेकच्या पाठीचं छायाचित्र बराच वेळ बघत राहिले. ज्या सहीने माणूस आपलं सर्वस्व देऊन टाकतो, ती सहीसुद्धा त्याला समोरच्याच्या चुकीप्रमाणे करावी लागली. २०१२ मध्ये तो चेक लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. तोवर दोघंही वारले होते. शूस्टर १९९२ मध्ये, सीगल १९९६ मध्ये.

मधल्या काळात काय झालं तेही सांगायला हवं. १९४७ मध्ये दोघं कोर्टात गेले, आणि त्यानंतर सुपरमॅनच्या अंकांवरून त्यांची नावं काढून टाकण्यात आली. १९७५ साल उजाडलं तेव्हा सीगल लॉस एंजेलिसमध्ये सरकारी कचेरीत कारकुनी करत होते. शूस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. तेव्हा नील अ‍ॅडम्स हा ऐन भरातला चित्रकार त्यांच्यासाठी उभा राहिला. जेरी रॉबिन्सन आणि इतर व्यंगचित्रकार त्याच्या जोडीला आले, वर्तमानपत्रं आली, टीव्ही आला. डिसेंबर १९७५ मध्ये कंपनीने दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर द्यायचं कबूल केलं आणि त्यांची नावं सुपरमॅनवर परत छापायचंही. एवढं त्या लढ्याचं फळ. हाच नील अ‍ॅडम्स पुढे संमेलनांमध्ये सहीचे पैसे घ्यायचा. चाहते कुरकुरायचे. २०२२ मध्ये तो गेला. त्याने पैसे का घेतले हे ज्याला १९७५ ठाऊक आहे त्याला वेगळं समजावून सांगावं लागू नये.

चित्रकार जॅक कर्बीच्या वाट्यालाही कंपनीकडून तेच आलं. मार्व्हलसाठी त्याने दहा हजारांहून अधिक पानं काढली. त्याच्या हातची मूळ पानं कंपनीच्या ताब्यात राहिली, आणि मोठ्या वादानंतर १९८७ मध्ये सुमारे दोन हजार परत मिळाली. बाकीची कुठे गेली याचा पत्ता नाही. आणि तरीही हा माणूस घरी आलेल्या अनोळखी पोरांना आत घ्यायचा, त्याची बायको रॉझ त्यांना सँडविच करून घालायची. सॅन डिएगोचं संमेलन १९७० च्या ऑगस्टमध्ये एका हॉटेलात भरलं तेव्हा तीनशेच्या आसपास माणसं होती, आणि पाहुण्यांत कर्बी होता. आज तिथे सव्वा लाखावर लोक जातात. जुने चाहते कर्बीचं उदाहरण देऊन म्हणतात, बघा, खरे मोठे लोक पैसे मागत नसत. कर्बीचं औदार्य खरं आहे. मात्र त्याचा दाखला दुसऱ्याच्या टेबलावर आपटायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

इथे मला तुकोबांकडे परत जावं लागलं. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. लोकांनी केलेले करार, लोकांकडून येणं असलेलं धन, सगळं आधी पाण्यात. मग कीर्तनाचं द्रव्य घेऊ नये असं म्हणाले. हा क्रम महत्त्वाचा आहे. वैराग्य त्यांनी स्वतःपासून सुरू केलं. रांगेत उभा राहून ‘खरा कलावंत पैसे मागत नाही’ म्हणणाऱ्याने स्वतःचं कुठलं खत बुडवलेलं असतं? मी तरी कुठलं बुडवलं होतं? मला पगार मिळतो, आरोग्य विमा मिळतो, निवृत्तिवेतन मिळेल. दुसऱ्याने निःसंग असावं अशी माझी अपेक्षा होती, आणि ती दहा डॉलर वाचवणारी अपेक्षा होती.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न तिच्यापाशी सुटतो. कीर्तनात जे नाम घेतलं जातं ते कीर्तनकाराचं नसतं. विठ्ठलाचं नाव विकायला अण्णा कोण? ते अण्णांच्याही आधीचं, सगळ्यांचं. म्हणून त्याचं द्रव्य घेणं हे परक्या वस्तूचं मोल घेणं, आणि तुकोबांचा कडक शब्द तिथे लागू पडतो. चित्रकाराचं उलटं आहे. त्याने काढलेला नायक त्याचा नाही, वेष त्याचा नाही, पानं त्याची नाहीत. कंपनीला सगळं देऊन झाल्यावर एकच वस्तू त्याच्याकडे उरली, त्याचं स्वतःचं नाव. स्वाक्षरी म्हणजे स्वतःची अक्षरं, दुसऱ्या कुणाची नाहीत. शब्दातच मालकी लिहिलेली आहे. जी एक गोष्ट निर्विवादपणे त्याची आहे तिचं मोल त्याने सांगितलं तर अधर्म कुठे झाला? चेकच्या पाठीवर ज्या सहीने त्याचं घेतलं गेलं, तीच सही म्हातारपणी त्याला थोडं परत देत असेल तर मला त्यात न्याय दिसतो.

परत मिळतं तेही थोडंच. चित्रकार जिम स्टार्लिनने मार्व्हलसाठी थॅनॉस हा खलनायक निर्माण केला. त्या थॅनॉसवरच्या चित्रपटांनी किती कमाई केली ते जगाला माहीत आहे. २०१७ मध्ये स्टार्लिनने जाहीरपणे लिहिलं, की बॅटमॅनच्या गोष्टीतल्या त्याच्या एका दुय्यम पात्राला चित्रपटात घेतल्याबद्दल दुसऱ्या कंपनीने दिलेला चेक थॅनॉस, गमोरा आणि ड्रॅक्स या त्याच्या मार्व्हलमधल्या तिन्ही पात्रांबद्दल मिळून आलेल्या पैशांपेक्षा मोठा होता. फ्रान्समध्ये तर चित्रकार वाचकाच्या पुस्तकात सहीबरोबर अख्खं चित्र काढून देतात, तेही फुकट, आणि अंगुलेमच्या महोत्सवात लोक त्यासाठी तासन् तास उभे असतात. त्याच देशातल्या कॉमिक्सवाल्यांची २०१४ ची मिळकत तपासली तेव्हा निम्म्याहून अधिक जण किमान वेतनाच्या खाली निघाले. इथे अमेरिकेत बहुतेक चित्रकार सुटं काम करणारे, नोकरीचा विमा नाही. म्हाताऱ्या आणि आजारी कॉमिक्सकारांच्या औषधपाण्यासाठी २००० सालापासून हीरो इनिशिएटिव्ह नावाची संस्था काम करते. अनेक चित्रकार सही मोफत करतात आणि तिच्यासाठी टेबलावर डबा ठेवतात.

यावर आपल्याकडचे लोक गांधीजींचं नाव घेतात. गांधीजी सहीचे पाच रुपये घेत, पण ते हरिजन निधीसाठी, स्वतःसाठी नाही. खरं आहे, आणि त्या पाच रुपयांबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यातून निघतं काय? सहीला किंमत लावण्यात मुळात पाप नाही, एवढं तर गांधीजींनीच दाखवून दिलं. पैसा गरजवंताकडे गेला पाहिजे, हे दुसरं. आता सत्तरीचा, डोळे अधू झालेला, नोकरीचा विमा कधी नसलेला माणूस स्वतःच गरजवंत असेल, तर त्याने स्वतःच्या डब्यात टाकलेले दहा डॉलर कुठल्या हिशेबाने कमी पवित्र?

मला खरोखर खटकतं ते वेगळंच आहे, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. आमच्या पुढे एक गृहस्थ चाकांच्या गाडीवर दोन खोकी घेऊन उभा होता. एकाच अंकाच्या चाळीसेक प्रती. फ्लोरिडातली सीजीसी नावाची कंपनी २००० सालापासून कॉमिक्सचं ग्रेडिंग करते, म्हणजे त्यांना दहापैकी गुण देते आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करते. तिच्या साक्षीदारासमोर सही झाली तर पिवळं लेबल लागतं आणि अंकाची किंमत वाढते. त्या माणसाने एकदाही चित्रकाराच्या तोंडाकडे पाहिलं नाही. एक प्रत सरकवायची, सही झाली की उचलायची, पुढची सरकवायची. ते अंक यापुढे कुणी उघडणार नाही. पेटी फोडली की गुण गेले. इंकरने त्याच्याकडून दर सहीला पंचवीस घेतले ते मला कमीच वाटतात. तसंच, जास्त पैसे भरून रांगेत पुढे जायचे पास. आपल्या देवळांतही पैसे भरून पुढे जाणारी रांग असते, आणि मला ती तिथेही चालत नाही, इथेही चालत नाही. माणसाच्या वेळेचं मोल देणं वेगळं. पैशाच्या जोरावर मागे उभ्या असलेल्या पोराच्या छातीवरून पुढे जाणं वेगळं.

तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये लिहिलं, की प्रत्येक गोष्टीला एकतर किंमत असते नाहीतर प्रतिष्ठा. ज्याला किंमत आहे त्याच्या बदल्यात दुसरं काही ठेवता येतं, प्रतिष्ठेच्या बदल्यात काहीच नाही. आपल्या मराठीने या दोन्ही गोष्टी एका शब्दात बांधल्या: मानधन. शब्द सुंदर आहे. पण मी लहानपणापासून पाहत आले ते असं, की या शब्दाच्या आड लोक मान तेवढा देतात आणि धन राखून ठेवतात.

आमच्या घरी फडताळात दोन वह्या शेजारी शेजारी असायच्या. एक अण्णांची, लाल कापडी बांधणीची. तीत गावाचं नाव, आख्यान आणि बिदागी. ‘रामजन्म. २१ रु.’ ‘सीतास्वयंवर. ११ रु. व उपरणे.’ कितीतरी ओळींत नुसतं ‘नारळ’. दुसरी वाण्याची, उधारीची. महिनाअखेरीस आई दोन्ही मांडीवर घेऊन बसायची, आणि पहिल्या वहीतला आकडा दुसरीला कधीच पुरायचा नाही. एके वर्षी एका मोठ्या गावच्या उत्सवात अण्णांनी सात दिवस कीर्तन केलं. मांडववाल्याचे, रोषणाईवाल्याचे, कर्णेवाल्याचे पैसे ठरलेले होते, ते चुकते झाले. अण्णांचे ठरलेले नव्हते. त्यांना शाल, नारळ आणि एक्कावन्न रुपये मिळाले. अण्णांनी हसून पाया पडणाऱ्यांना आशीर्वाद दिले. त्या महिन्यात आईने एक पाटली सोनाराकडे ठेवली. ती परत आली नाही.

अण्णांचं वैराग्य खोटं नव्हतं. ते मी आजही मानते. पण त्याचा खर्च आईने सोसला, आणि तिचं नाव कुठल्याही वहीत नव्हतं. त्या टेबलाशी मी ज्या नियमाच्या जोरावर संतापले, तो नियम आईच्या पाटलीवर उभा होता. इंकरचा तो हाताने लिहिलेला पुठ्ठा अण्णांनी कधी ओट्यावर लावला असता, तर तुकोबा रागावले असते का, हे मला ठामपणे सांगता येत नाही. विठ्ठलाच्या नामाचे नको, पण सात दिवसांच्या घशाचे, एसटीच्या भाड्याचे, तबलजीला स्वतःच्या खिशातून दिलेल्याचे मागायला हरकत नव्हती. ते तर अण्णांचंच होतं.

आमच्या वाचनालयात मे महिन्यात कॉमिक्सचा एक दिवस असतो. गावातले दोन-तीन चित्रकार येतात, मुलांना चित्रं काढून देतात. इतकी वर्षं आम्ही त्यांना चहा-केक आणि आभाराचं पत्र देत होतो, आणि तो निर्णय माझा होता. या वर्षी मी अंदाजपत्रकात त्यांच्या दिवसाचा मेहनताना वेगळा लिहिला आणि निमंत्रणाच्या पत्रात आकडा आधीच टाकला. एका चित्रकर्तीने उलट पत्र पाठवलं, की बारा वर्षांत वाचनालयाकडून असं पत्र तिला पहिल्यांदा आलं.

कीर्तन, व्याख्यान, चित्रकलेची कार्यशाळा, काव्यवाचन असं काही ठरवणारी जी मंडळी हे वाचत असतील, त्यांना माझी विनंती आहे. निमंत्रण पाठवताना आकडा लिहा. पाहुण्याला विचारायला लावू नका, आणि त्याच्या बायकोला हिशेब करायला तर मुळीच लावू नका. आणि कुणी जेविट्स सेंटरला जाणार असाल तर दहा-दहाच्या सुट्या नोटा बरोबर ठेवा. आमच्या इंकरकडे कार्ड घ्यायचं यंत्र नव्हतं.